जीन ग्रेचा शेवट कुणी ठरवला?

'डार्क फिनिक्स सागा' वाचलेली दोन माणसं भेटली की गप्पा फार वेळ इकडेतिकडे रेंगाळत नाहीत. त्यातल्या जीन ग्रेला मारायला हवं होतं का, या प्रश्नावर त्या येतातच. मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स कंपनीच्या 'एक्स-मेन' मासिकाचे १९८० सालचे नऊ अंक एकत्र बांधून हे पुस्तक पहिल्यांदा १९८४ मध्ये निघालं. पुढे ते कितीतरी रूपांत पुन्हा पुन्हा छापलं गेलं आणि दर पिढीतल्या वाचकांनी तोच वाद नव्यानं घातला. मीही या वादात मनापासून आहे. इतकी वर्षं लोकांशी याबद्दल बोलल्यावर माझी एक खात्री झाली आहे. या भांडणाची सुरुवात वाचकांनी केलेली नाही. शेवटचा अंक छापखान्यात जायच्या आधीच ते मार्व्हलच्या कचेरीत पेटलं होतं, आणि पुस्तकाचा शेवट त्या भांडणातूनच घडला.

ज्यांनी हे वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते. एक्स-मेन १९६३ मध्ये स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी सुरू केलं. जन्मतःच काहीतरी अचाट शक्ती अंगात असलेली, आणि त्यामुळेच जगाला नकोशी झालेली मुलं, आणि त्यांना आपल्या शाळेत आसरा देणारे प्रोफेसर झेव्हियर. त्या पहिल्या पाच जणांत एकुलती एक मुलगी होती जीन ग्रे. मासिक फारसं चाललं नाही, १९७० पासून काही वर्षं त्यात नुसत्या जुन्या कथाच पुन्हा छापल्या जात होत्या. १९७५ मध्ये लेन वाइन आणि डेव्ह कॉक्रम यांनी नवा संघ उभा केला. केनियातून आलेली स्टॉर्म, रशियाचा कोलोसस, जर्मनीचा नाइटक्रॉलर, कॅनडाचा वुल्व्हरीन. लगेचच लेखन क्रिस क्लेअरमॉन्ट यांच्याकडे आलं आणि दोनेक वर्षांनी चित्रं जॉन बर्न काढू लागले. जीनला 'फिनिक्स' ही विश्वव्यापी शक्ती १९७६ मध्येच मिळालेली होती. डार्क फिनिक्सची कथा म्हणजे ती शक्ती तिच्या हातून निसटत जाण्याची कथा.

मास्टरमाइंड नावाचा एक कपटी माणूस जीनच्या मनात खोट्या आठवणी पेरतो. आपण अठराव्या शतकात जगलेल्या आपल्याच एका पूर्वज स्त्रीचं आयुष्य जगतो आहोत, असं तिला वाटू लागतं. त्या भासांच्या वाटेनं तो तिला न्यूयॉर्कच्या श्रीमंतांच्या हेलफायर क्लबात नेऊन आपली राणी करतो. त्याचा प्रयोग उलटतो. तिच्या मनाचे बांध फुटतात, ती त्याला वेडा करून सोडते आणि डार्क फिनिक्स होऊन आकाशात झेपावते. दूरच्या दीर्घिकेत गेल्यावर तिला भूक लागते आणि ती एक सूर्य गिळते. त्या सूर्याभोवती डिबारी लोकांचा ग्रह फिरत असतो. पाच अब्ज जीव.

हे पाच अब्ज पुस्तकात फार थोड्या चौकटींत येतात. सूर्य विझताना आपल्या रोजच्या कामात असलेले, शतावरीच्या कोंबासारखे चेहरे असलेले परग्रहवासी क्षणभर दिसतात आणि संपतात. वाचकांची मतं जिथे दुभंगतात ती जागा हीच. काही जणांना त्या चौकटी आठवतही नाहीत, आणि काहींना त्यानंतर जीनबद्दल दुसरं काही वाटूच शकत नाही.

माझा मामेभाऊ न्यू जर्सीत वाढला. मामा साठच्या दशकात तिकडे गेले, तेव्हा दादा अगदी लहान होता. त्यानं हे पुस्तक म्हणून कधी वाचलंच नाही. १९८० मध्ये औषधाच्या दुकानातल्या फिरत्या मांडणीवरून दर महिन्याला एक अंक, असं त्यानं ते वाचलं. पुस्तक वाचणाऱ्यांना ही कथा कळूच शकत नाही, असं तो ठासून सांगतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला तो जुन्या पिढीचा नेहमीचा अभिमान वाटला. पण त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. १३२ व्या अंकाच्या शेवटी संघातले सगळे पकडले जातात. शहराखालच्या गटाराच्या पाण्यातून एकटा वुल्व्हरीन वर येतो, आता माझी पाळी, असं म्हणतो आणि अंक संपतो. दादानं त्या एका चौकटीवर महिनाभर काढला. शाळेत मित्रांशी पैजा लावल्या, पुढे काय होईल याची चित्रं वहीत काढली. आपण पुस्तकात पान उलटतो आणि पुढच्याच क्षणी आपल्याला उत्तर मिळतं.

१३७ व्या अंकाच्या मुखपृष्ठावर फिनिक्सला मरावंच लागेल, असं ठळक अक्षरांत छापलेलं होतं. दादा म्हणतो, कुणीच त्यावर विश्वास ठेवला नाही. मुखपृष्ठं खोटंच बोलायची. दर महिन्याला कुणीतरी मरणार, कुणीतरी फितूर होणार, जग बुडणार, आणि आतल्या पानांत सगळं ठीकठाक. त्यानं तो दुप्पट पानांचा अंक घरी पोचेपर्यंत रस्त्यातच उभं राहून वाचला. तो विश्वासच बसत नसल्याचा क्षण मला कधीच मिळणार नाही. मी पुस्तक हातात घेतलं तेव्हा मागच्या मलपृष्ठानंच मला सांगून टाकलं होतं.

पण पुस्तकातून वाचणाऱ्याला मिळणारं दुसरंच काहीतरी आहे, आणि ते दादाला पटत नाही. १३२ व्याच अंकात, गटाराच्या त्या चौकटीच्या बऱ्याच आधी, न्यू मेक्सिकोत एका उंच सपाट कड्यावर स्कॉट आणि जीन बसलेले आहेत. स्कॉट म्हणजे सायक्लॉप्स, संघातला जीनचा प्रियकर. त्याच्या डोळ्यांतून सतत विध्वंसक किरण बाहेर पडत असतात, म्हणून तो कायम लाल स्फटिकाच्या काचांआड असतो. जीन त्याच्या चेहऱ्यावरचा चष्मा काढते आणि आपल्या शक्तीनं ते किरण थोपवून धरते. कितीतरी वर्षांनी तो उघड्या डोळ्यांनी कुणाला तरी बघतो आहे. मासिकात वाचणाऱ्यांना ही एक गोड जागा वाटली असणार. पुस्तकात सलग वाचताना तिथे अंगावर काटा येतो, कारण त्या क्षणी पहिल्यांदा कळतं की तिच्या हातात किती आहे. स्कॉटला हे जाणवतं आणि तो थोडासा घाबरतो. पुढच्या सगळ्या अनर्थाचं बीज इतक्या प्रेमळ प्रसंगात रुजवलेलं आहे, हे मला पुस्तक सलग वाचल्यामुळे दिसलं. दादाला ते दिसायला त्याचे जुने अंक एका बैठकीत काढून वाचावे लागले असते, आणि तो तर ते प्लास्टिकच्या पिशव्यांतून बाहेरच काढत नाही.

नव्या वाचकांची सगळ्यात मोठी तक्रार शब्दांची असते. माझ्या ओळखीत ज्यांनी अलीकडची कॉमिक्स आधी वाचली आणि मग हे हातात घेतलं, त्यातल्या बहुतेकांनी मध्येच कुठेतरी हात टेकले. चित्रात दिसणारी गोष्ट वरच्या पिवळ्या चौकटीत पुन्हा सांगितलेली, पात्रांच्या मनातले विचार ढगांत लिहिलेले, आणि लढता लढता स्वतःच्या शक्तीची माहिती देणारे संवाद. त्यातून दर प्रकरणाच्या सुरुवातीला मागचं सगळं पुन्हा उगाळलेलं. एकसलग वाचताना हे जाचतं, हे मी मान्य करते. पण त्याला कारण आहे. १९८० च्या त्या महिन्यांत मार्व्हलच्या एका अंकात कथेची फक्त सतरा पानं असायची. जो अंक हाती येईल तो कुणाचा तरी पहिलाच असू शकतो, असं धरून चालावं लागायचं, कारण औषधाच्या दुकानात मागचा अंक मिळेलच याची खात्री नव्हती. सतरा पानांत एक लढाई, एक प्रेमप्रसंग, खलनायकाची एक चाल आणि सात-आठ माणसांचं आपापसातलं नातं बसवायचं म्हटल्यावर शब्दांवर भार पडणारच. क्लेअरमॉन्ट यांचे शब्द काढून टाका आणि नुसती बर्नची चित्रं ठेवा, असं म्हणणारे लोक मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. टेरी ऑस्टिन यांच्या शाईनं बर्नची रेषा इतकी नेटकी झाली आहे की शब्दांशिवाय ती थंड वाटली असती. आणि टॉम ऑर्झेकोव्स्की यांनी ती सगळी वाक्यं इतक्या सुबक अक्षरांत बसवली आहेत की गर्दीतही डोळा अडखळत नाही. अक्षरं लिहिणाऱ्याचं कौतुक कुणी करत नाही, म्हणून इथे मुद्दाम नोंदवते.

डॅझलरबद्दल मात्र मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं आहे. १३० व्या अंकात चाकांच्या बुटांवर नाचणारी ही डिस्को गायिका एका रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या करारापोटी आली, आणि ती आली तोवर डिस्कोची लाट ओसरलेलीच होती. कथेत ती वाट चुकून आल्यासारखी दिसते. हेलफायर क्लबचं तसं नाही. त्याची मूळ कल्पना एका ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेच्या १९६६ मधल्या एका भागातून उचललेली आहे, आणि मास्टरमाइंडनं घेतलेलं जेसन विनगार्ड हे नाव पीटर विनगार्ड या नटावरून आणि त्यानं गाजवलेल्या जेसन किंग या भूमिकेवरून. पण उचललेलं असूनही ते कथेत पुरतं मुरलं आहे. त्या उंची पोशाखांतल्या माणसांच्या सभ्यपणाचा जो वास येतो, तो कुठल्याही राक्षसापेक्षा भयंकर आहे.

आता मूळ वादाकडे येते.

क्लेअरमॉन्ट आणि बर्न यांनी १३७ वा अंक आधी वेगळ्याच शेवटानं पूर्ण केला होता. परग्रहवासी शिआर लोकांच्या साम्राज्याची सम्राज्ञी लिलांड्रा जीनला पकडून न्यायला येते, प्रोफेसर झेव्हियर द्वंद्वाचं आव्हान देतात, चंद्रावर लढाई होते, एक्स-मेन हरतात, आणि शिआर एका यंत्रानं जीनच्या मनातली सगळी शक्ती काढून घेतात. जीन जगते, साधी बाई म्हणून. हा शेवट चित्रांसकट तयार होता. मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी तो वाचला आणि नाकारला. पाच अब्ज लोकांचा जीव घेणाऱ्या पात्राला शक्ती काढून घेऊन घरी सोडून देणं म्हणजे हिटलरला जिवंत पकडून न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सुखानं राहू देण्यासारखं आहे, असं त्यांचं म्हणणं पुढे छापील चर्चेत आलेलं आहे. त्यांना आधी जन्मठेपेसारखी शिक्षा हवी होती. पण जीन तुरुंगात आणि एक्स-मेन घरी स्वस्थ बसलेत, हे कुणाच्या मनाला पटणार? दर दोन अंकांनी ते तिला सोडवायला निघाले असते. अखेर गोष्ट मृत्यूवर येऊन ठेपली. शेवटची पानं नव्यानं काढली गेली. नाकारलेला शेवट १९८४ मध्ये वेगळा अंक काढून छापला गेला, आणि त्यासोबत या सगळ्यांची एकत्र चर्चाही.

शूटर यांच्याबद्दल वाचक सहसा चिडून बोलतात. एका कचेरीतल्या माणसानं कलावंतांचं काम मोडलं, अशी एक ठरलेली कथा झाली आहे. मला ती अपुरी वाटते, कारण शूटर आधी वाचक होते. पिट्सबर्गमधल्या या मुलानं तेरा-चौदाव्या वर्षी 'लीजन ऑफ सुपर-हीरोज' या, मार्व्हलची प्रतिस्पर्धी कंपनी डीसी हिच्या, संघासाठी कथा लिहून धाडल्या आणि १९६६ पासून त्या छापून येऊ लागल्या. लीजनचा नेता कोण, हे त्या काळी वाचकच टपालानं मतं पाठवून ठरवायचे. १९६७ मध्ये, पंधराव्या-सोळाव्या वर्षी, शूटर यांनी लीजनमधल्या फेरो लॅडला मारलं. सूर्य गिळत सुटलेल्या एका प्रचंड ढगाच्या पोटात स्वतः बॉम्ब घेऊन शिरणारा मुलगा. सूर्य गिळणारी गोष्ट आणि संघासाठी मरणारं एक माणूस! तेरा वर्षांनी त्याच शूटर यांच्या टेबलावर पुन्हा सूर्य गिळला जाण्याची कथा आली, आणि या वेळी सूर्य गिळणारी संघातलीच होती. त्यातून चंद्रावर एक्स-मेनशी लढणारी शिआरची शाही फौज म्हणजे कॉक्रम यांनी लीजनवरून रचलेली नक्कल. शूटर यांनी कागदावर एका संपादकाचा निर्णय दिला, पण त्या निर्णयात एका जुन्या वाचकाची ठाम समजूत होती, की सूर्य गिळल्याची किंमत कुणीतरी मोजलीच पाहिजे. मला हे अन्यायाचं वाटत नाही. त्यांनी कथा गंभीरपणे घेतली. ज्या परग्रहवासींना इतर सगळे विसरून गेले होते, त्यांची बाजू घेणारा तो एकटाच वाचक होता.

माझी एक मैत्रीण ठाण्याला फौजदारी वकिली करते. तिला पुस्तक दिलं तेव्हा तिनं ते खटल्याच्या कागदपत्रांसारखं वाचलं. तिचं मत अगदी सरळ होतं. मास्टरमाइंडनं जीनच्या मनाचा ताबा घेतलेला होता, पण सूर्य गिळताना तो तिच्या मनात नव्हता. तेव्हा जबाबदारी कुणाची, हे ठरवायला तिच्या मनाची त्या क्षणीची अवस्था तपासावी लागेल, आणि शिआरनी ती तपासलीच नाही. लढाई जिंकणारा खरा, ही कुठली न्यायाची रीत? लिलांड्रा फिर्यादी, न्यायाधीश आणि शिक्षा अंमलात आणणारी, तिन्ही एकटीच! यावर तिच्याशी वाद घालता येत नाही, आणि मला घालायचाही नाही. मी फक्त एवढंच म्हणाले, की संघातल्या माणसांनीही तपासणी केली नाही. लढाईच्या आदल्या रात्री ते प्रत्येक जण आपापल्या खोलीत एकटे आहेत आणि उद्या कुणाच्या बाजूनं उभं राहायचं याचा विचार करत आहेत. त्या पानांवर शंका आहे, मैत्री आहे, भीती आहे. सकाळी सगळे जीनच्या बाजूला येऊन उभे राहतात. तिनं केलंय ते त्यांना माहीत आहे आणि तरी. संघाची कॉमिक्स मी ज्यासाठी वाचते ते या रात्रीत आहे. एकट्या नायकाच्या गोष्टीत ही रात्र येऊच शकत नाही.

माझ्या भाचीचं मत सगळ्यांत तिखट. कॉलेजात असताना तिनं ते वाचलं आणि रात्री साडेअकराला फोन केला. "मावशी, हिला एकदातरी कुणी विचारलंय का, तुला काय हवंय?" ती रागानं मोजत गेली. मास्टरमाइंड तिच्या मनात शिरतो. झेव्हियर तिच्या मनाला पुन्हा कुलपं घालतात. आईवडिलांच्या घरी ती आधारासाठी जाते, तर त्यांच्या मनातली भीती तिला ऐकू येते. शिआर तिला मारायला निघतात. बाईच्या हातात इतकी शक्ती आली की तिला वेड लागणार आणि मग तिला मरावं लागणार, एवढंच या पुस्तकाला म्हणायचंय, असं तिचं म्हणणं. हे म्हणणारी ती पहिली नाही. या कथेवर ही टीका कितीतरी वाचकांनी केली आहे, आणि ती खरीच आहे. २००६ आणि २०१९ मध्ये या कथेवर बेतलेले दोन चित्रपट आले. त्यांत हा दोष आणखी ठळक झाला आणि मूळ कथेत असलेली कोवळीक मात्र निघून गेली.

पण भाचीच्या रागातच मला माझं मत सापडलं. नाकारलेला शेवट मी आधीही वाचला होता आणि तेव्हा तो मला अधिक दयाळू वाटला होता. तिच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचला तेव्हा दिसलं की तो सगळ्यांत क्रूर आहे. त्यात जीनला बांधून ठेवतात आणि तिच्या मनातून तिचाच एक भाग यंत्रानं उपटून काढतात. तिचं म्हणणं कुणी विचारत नाही. मास्टरमाइंडनं जे लपूनछपून केलं तेच शिआर उघडपणे, कायद्यानं करतात, आणि आपण वाचक सुटकेचा श्वास टाकतो. छापलेल्या शेवटात असं होत नाही. चंद्रावर, ती 'मार्व्हल गर्ल' या नावानं लढायची त्या काळातल्या जुन्या हिरव्या पोशाखात, सगळे पडल्यावर जीन स्कॉटपासून दूर पळते. पुन्हा ती शक्ती जागी होते आहे हे तिला कळतं. तिथल्या एका प्राचीन शस्त्राचा रोख ती स्वतःच आपल्याकडे वळवते आणि ते चालवते. पूर्ण कथेत तिनं एकटीनं, कुणाच्या भुलवण्याशिवाय घेतलेला पहिला निर्णय तोच आहे. देव होऊन जगणं शक्य असताना तिनं माणूस म्हणून मरणं पसंत केलं, अशा अर्थाचं वाक्य सगळं नुसतं बघत राहणारा उआतू हा साक्षी शेवटच्या पानावर म्हणतो. पूर्वी ते वाक्य मला अलंकारिक वाटायचं. आता वाटत नाही.

भाचीला हे मी सांगितलं. ती म्हणाली, मरण हा एकच निर्णय बाईला घेऊ दिला, तर तो निर्णय कसला? मी तिला खोडून काढू शकले नाही. तरीही दोन शेवटांपैकी निवडायचं तर मी छापलेलाच निवडेन.

म्हणूनच १९८६ मध्ये जे झालं त्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे. मार्व्हलला मूळच्या पाच जणांचं नवं मासिक काढायचं होतं, म्हणून जीन परत हवी होती. शूटर यांची अट होती की परत येणारी जीन त्या हत्याकांडापासून निर्दोष असली पाहिजे. उत्तर सापडलं ते कर्ट ब्युसिक यांनी वाचक असतानाच रचलेल्या एका कल्पनेत. फिनिक्स ही जीन नव्हतीच, ती शक्ती जीनचं रूप घेऊन वावरत होती, आणि खरी जीन इतकी वर्षं न्यूयॉर्कच्या जमैका बे या खाडीच्या तळाशी एका कोषात झोपलेली होती! कल्पना हुशार आहे, ब्युसिक पुढे मोठे लेखक झाले यात नवल नाही. पण तिनं जीनकडून दोन्ही काढून घेतलं. तिचा गुन्हा गेला, आणि तिचा निर्णयही गेला. चंद्रावर जी मेली ती कुणी वेगळीच होती म्हटल्यावर त्या शस्त्राकडे चालत गेलेलं माणूस कोण? शाळेत असताना दादानं १९८० मध्ये रस्त्यात उभं राहून ज्या पानासाठी रडून घेतलं, त्या पानाखालचा मजकूरच बदलला. दोन वर्षांनी डीसीनं बॅटमनच्या रॉबिनला, जेसन टॉडला, जगवायचं की मारायचं हे वाचकांच्या फोनवर सोडलं. मारा म्हणणारे ५,३४३ आणि जगवा म्हणणारे ५,२७१. त्यापेक्षा मला शूटर आणि क्लेअरमॉन्ट यांचं बंद खोलीतलं भांडण हजार पटीनं बरं वाटतं. तिथे निदान कुणी कारणं तरी देत होतं.

आणि इथेच बांधीव पुस्तकाचं मोल मला कळतं. पुस्तकाला कडा असते. १९८४ ची पहिली आवृत्ती १३७ व्या अंकावर थांबते, आणि जमैका बेचा तो कोष तिच्यात शिरू शकत नाही. पुस्तक कुठे सुरू करायचं आणि कुठे संपवायचं हे ठरवणारा माणूसही एक मतच देत असतो. नंतरच्या काही आवृत्त्यांत १३८ वा अंक जोडलेला आहे, ज्यात जीनचं दफन आहे. मार्व्हलनं काढलेल्या जाडजूड ऑम्निबस खंडांमध्ये तर पहिला खंड १३१ वर संपतो आणि दुसरा १३२ पासून सुरू होतो. म्हणजे ही कथा अर्धी या खंडात आणि अर्धी त्या खंडात. ती दोन्ही पुस्तकं घ्यायला लावणारी विभागणी आहे असं दादा म्हणतो. मी म्हणते, कड्यावरचा तो प्रसंग दुसऱ्या खंडाच्या आरंभी येतो, हे तरी चांगलं झालं. 'इसेन्शियल' नावाची स्वस्त, कृष्णधवल आवृत्तीही आहे. तिच्यात बर्न-ऑस्टिनची रेषा सगळ्यांत स्वच्छ दिसते, पण आकाशातून जाणारा तो अग्निपक्षी रंगाविना अर्धा होतो. चकचकीत कागदावरच्या आवृत्त्यांत उलटं होतं. मूळ रंग खरखरीत वृत्तपत्री कागदासाठी, ठिपक्याठिपक्यांनी छापण्यासाठी निवडलेले होते. कागद शाई पिऊन त्यांना मऊ करायचा. तेच रंग गुळगुळीत पांढऱ्या कागदावर आले की फटाक्याच्या खोक्यावरच्या चित्रासारखे भडक होतात. ग्लिनिस वाइन यांनी फिनिक्सचा हिरवा आणि डार्क फिनिक्सचा लाल किती जपून योजला होता, हे दादाच्या पिशवीतल्या अंकातच बघावं.

ऑम्निबसमध्ये मला खरा आनंद दिला तो पत्रांनी. त्या वेळी अंकाच्या शेवटी छापलेली वाचकांची पत्रं त्यात तशीच ठेवली आहेत. सलग कथा छापणाऱ्या छोट्या आवृत्त्यांमध्ये ती गाळलेली असतात, कारण ती कथेचा भाग मानली जात नाहीत. माझ्या मते आहेत. पुढचे अंक घडत असताना वाचक काय म्हणत होते, कुणावर जीव टाकत होते, कशाला कंटाळले होते, हे त्या पानांवर आहे. आणि वाचक काय म्हणतात हे संपादकाच्या टेबलावर रोज येऊन पडत होतं. शेवट बदलला गेला त्या कचेरीत ती पत्रं होती.

१३८ वा अंक पुस्तकात असावा की नाही, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही. त्यात जीनच्या थडग्यापाशी उभा राहून स्कॉट एक्स-मेनचा सुरुवातीपासूनचा सगळा इतिहास आठवतो, मग संघ सोडून निघून जातो, आणि किटी प्राइड नावाची लहान मुलगी शाळेत दाखल होते. भाची म्हणते, १३७ वरच थांबायला हवं, कारण १३८ मध्ये जीनची गोष्ट स्कॉटच्या दुःखाची गोष्ट होऊन जाते. दादा म्हणतो, तो अंक काढलात तर तिच्यासाठी कुणी रडलंच नाही असा अर्थ होईल. मैत्रिणीला यात काही बोलायचं नव्हतं. तिचं अजून लिलांड्राशीच भांडण चालू आहे. मी स्वतः पुष्कळ दिवस भाचीच्या बाजूनं होते. अलीकडे दादाकडे झुकते आहे, कारण त्या दफनाला नुसते एक्स-मेन नाहीत, जीनचे आईवडीलही आहेत. ज्यांच्या मनातली भीती तिनं घरात उभं राहून ऐकली होती, त्यांना पुन्हा एकदा पुस्तकात यायला जागा हवी. कुणी मला विचारलं की कुठली आवृत्ती घेऊ, तर मी १३८ असलेली घ्या म्हणते, आणि शेवटचं प्रकरण दुसऱ्या दिवशी वाचा म्हणते.